बांधावरची चाल

पोस्टमनकाका निवृत्त झाले, पण चाल टपाल वाटायचीच राहिली. बायकोबरोबर निघाले तरी ते पुढे आणि काकू मागे. एकदा तरी त्यांनी आपल्या बरोबरीनं चालावं, एवढीच काकूंची हौस होती.

डोंगरातल्या गावांत पायी फिरायला दोघं रेल्वेनं निघाले. काकांनी डब्यातच बजावलं, "मागे राहिलीस तर थांबणार नाही हं!"

भातखाचरांचे बांध मात्र वीतभरच रुंद होते. काकांचा पाय घसरला आणि ते घोट्यापर्यंत चिखलात रुतले. काकू वहाणा हातात घेऊन सरसर पुढे गेल्या, वळल्या आणि हसल्या.

"अहो, पाय उचला! मी थांबलेय."

काकांनी त्यांचा हात धरला. वर गावाजवळ रस्ता चांगला रुंद झाला, तरी हात सोडला नाही.