शेतीत दाखवलेलं दुकान

बीडच्या कोर्टात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो आणि विमा कंपनीचा वकील माझाच शिक्का असलेला उत्पन्नाचा तक्ता मला दाखवत होता. पंचवीस वर्षं टॅक्सचं काम करतोय, पण स्वतःच्याच कागदाचा जाब कधी द्यावा लागला नव्हता.

केस दत्ताची होती. वडवणीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, गिऱ्हाइकांची रांग असायची. ट्रकच्या धडकेत गेला. मागं बायको सुनीता आणि दोन शाळकरी मुली. अपघाताची भरपाई ठरते गेलेल्या माणसाच्या कमाईवर, आणि कमाईसाठी कोर्ट आधी मागतं शेवटची तीन रिटर्न. ती तिन्ही मीच भरलेली.

आमच्याकडे ज्याच्या नावावर सातबारा आहे तो प्रत्येक जण रिटर्नच्या वेळी एकच बोलतो. दत्ताही बोलायचा, "सर, दुकानाचं थोडंच दावा, बाकी शेतीत टाका. शेतीला कोण इचारतंय?" शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ही हुशारी. त्याची दोन एकर जमीन बटईनं दिलेली, कसणारा दुसराच. मला सगळं ठाऊक होतं. तरी टाकलं. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात जाणार, दुसरं काय!

वकिलानं शांतपणे विचारलं, "म्हणजे यांची बहुतेक कमाई शेतीची?"

मी खरं सांगितलं. शेतीत दाखवलेला पैसा दुकानाचाच होता, म्हणालो. त्यावर तो म्हणाला, तीन वर्षं कागदावर खोटं लिहिलंत, मग आजचं तोंडी खरं कशावरून?

सुनीताताईंची साक्ष झाली. त्या म्हणाल्या, "साहेब, ते दुकानातून उठायचे न्हाईत. शेतात कवा गेलते, मला तर आठवत न्हाई."

निकालात दुकानाचा तो थोडका आकडा तेवढा धरला. शेतीबद्दल लिहिलं, जमीन वारसांकडे तशीच आहे, ते उत्पन्न बुडालेलं नाही. भरपाई मागितली त्याच्या निम्मीही मिळाली नाही. थोरल्या मुलीचं बीडच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं, ते राहिलं.

ऑफिसात येऊन मी दत्ताच्या खऱ्या कमाईवर कर काढून बघितला. छोट्या धंद्याला मोठ्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवायची सोय आहे. त्यावर सवलत धरली. तिन्ही वर्षं कर शून्य. शेतीत टाकून आम्ही एक रुपयाही वाचवला नव्हता. लई शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी वडवणीला जाऊन सुनीताताईंना हे सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण झोप लागली नसती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग कावून टाकलं, सर?"

आता मी आधी खरा आकडा मांडतो, कर लागतो का ते बघतो, आणि मगच तो वाचवायचं बोलतो. इतकी वर्षं उलटं करत होतो.