छावणीच्या गाण्यातली मोकळी ओळ

‘भाव’ या रकान्यात एकच शब्द भरायचा होता. त्या एका शब्दापायी मी सकाळपासून चहावर चहा करत होते, गॅलरीत जात होते, परत येत होते. आनंदी, उदास, भक्तिपर, उत्साही, यांतलं एक काहीतरी निवडा, असं पुण्याच्या ऑफिसचं म्हणणं. आमच्या बीडच्या घराखाली कोचिंग क्लास आहे. खालून पोरांचा एका सुरातला पाठांतराचा आवाज येत होता. तोही एक गायनप्रकार म्हणून नोंदवून टाकावा, भाव ‘भेदरलेला’, असं मनात आलं.

आई म्हणाली, “पायाला भिंगरी बांदली का गं? बस की एका जागी.”

बसवतच नव्हतं.

काम तसं सरळ होतं. कॉम्प्युटरकडून नवी गाणी तयार करून घेणारी पुण्यात एक कंपनी आहे. त्या कॉम्प्युटरला गाण्यांचे प्रकार समजावेत म्हणून ती एक संदर्भसंग्रह करतेय, आणि त्यातली मराठवाड्याची गाणी माझ्याकडे आली. लय कशी, वाद्य कोणतं, कोण गातं, कधी गातं, असं सगळं लिहायचं आणि सोबत रेकॉर्डिंगचा एक नमुना पाठवायचा. हळदीची गाणी झाली, नारायणगडाच्या जत्रेतली भजनं झाली, ऊसतोडीला निघालेल्या ट्रकमधली गाणीही झाली. घोडं अडलं ते छावणीच्या गाण्यापाशी. त्याला नाव नाही. आमच्या छावणीबाहेर ते कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आई आणि तिच्या बरोबरच्या बायका गेल्या की ते संपणार, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना.

मी लहान असताना पडलेल्या दुष्काळात आमच्या गावाच्या दूध सोसायटीनं लिंबागणेशच्या बाजूच्या माळावर चारा छावणी काढली होती. दूध गोळा करायचं म्हणून निघालेली संस्था, दूधच आटलं तेव्हा जनावरं जगवायला लागली. वडील टोळीबरोबर ऊस तोडायला गेले होते. एरवी आईही जायची, पण त्या वर्षी गायीसाठी मागं राहिली. गाय, आई आणि मी, तिघी छावणीत राहायला गेलो. वडील तिकडं कारखान्यासाठी ऊस तोडत होते आणि इकडं आमची गाय चाऱ्याऐवजी उसाच्या कांड्या चघळत होती. सगळं घर उसावरच चाललंय, असं आई हसून सांगायची.

रोज दिवस कलला की सोसायटीचा सचिव जनावरांची हजेरी घ्यायचा. हा भला माणूस मोजता मोजता हमखास चुकायचा आणि पुन्हा पहिल्या दावणीपासून सुरू करायचा. तोवर चारा थांबलेला. वैतागून बायकांनीच तोड काढली. एकेका दावणीनं आपापल्या जनावरांची नावं गाऊन सांगायची. शेणाचं घमेलं पालथं घालून त्यावर ठेका धरायचा. एक बाई म्हणायची, “कपिली आली गं दावणीला,” बाकीच्या म्हणायच्या, “आली गं आली.” मग पुढची ढवळी, मग पुढची. सचिव बोटांवर मोजत मागून चालायचा. मग हळूहळू त्यात शिंगांची, खोडींची, मालकिणींच्या थट्टेची भर पडत गेली. हजेरी लांबली, पण चारा थांबल्याचं कुणाला जाणवेना.

छावणीत पहिलं जनावर गेलं ते एका म्हाताऱ्या बाईचा बैल. त्या संध्याकाळी तिची पाळी आली तेव्हा घमेलं वाजत राहिलं आणि ती काहीच बोलली नाही. एक अख्खी ओळ नुसता ठेका. उत्तर देणाऱ्या बायकाही गप्प. मग पुढच्या बाईनं तिची ओळ उचलली. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. पण त्या दिवसापासून गेलेल्या जनावराची ओळ मोकळी सोडायची, हे ठरूनच गेलं.

उन्हाळा सरता सरता आमची गाय खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले. आई तिच्या अंगावर ओली पोती टाकत राहिली. दुसऱ्या दिवशी हजेरीला आई बाहेर येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली, घमेलं वाजवायला लागली. आमची ओळ आली आणि सवयीनं माझ्या ओठांवर गायीचं नाव आलं. आईनं एका हातानं ठेका धरला आणि दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला पेंडीचा वास होता. मला तेव्हा रडायलाही आलं नाही, इतकी मी घाबरले होते.

त्यानंतर आईनं गायीचं नाव कधी घेतलं नाही. मीही नाही, इथंही घेत नाही.

एवढं सगळं झाल्यावर आता या संग्रहासाठी ते गाणं आईकडून पुन्हा म्हणवून घ्यायचं म्हणजे मोठंच काम. ती आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, “म्हनते. पर आपली ओळ मोकळी ऱ्हाऊ दे. कुनी भरायची न्हाई.” मी शब्द दिला. तिनं सगळी दावण म्हटली. शेजारणींच्या गायींची नावं, कुणाचं शिंग मोडकं होतं, सगळं तिला पाठ. मध्ये आमची ओळ मोकळी.

दोन-चार दिवसांनी ऑफिसातून फोन आला. बोलणारा मुलगा लाघवी होता. म्हणाला, “ताई, नमुना सुंदर आहे. मध्ये एका ठिकाणी आवाज गेलाय. आम्ही तेवढा भाग काढून पुढचा जोडून घेतलाय.”

माझं डोकंच फिरलं. “आवाज गेलेला नाही, गाय गेलीय!” मी ओरडले. खालचं पाठांतर थांबल्यासारखं वाटलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, येरझारा घालत, दम लागेपर्यंत. तो म्हणाला, “मग तसं नोंदीत लिहा ना, ताई. लिहिलं नाही तर कॉम्प्युटरला कसं कळणार?”

खरं होतं. मी लिहिलं. कापलेला तुकडा नमुन्यात परत आला. त्यावरून कॉम्प्युटरनं केलेलं पहिलं गाणं त्या मुलानं पाठवलं. त्यात मोकळ्या ओळीवर बासरी होती. एवढी गोड की मी फोन गादीवर आपटला. पुन्हा लिहिलं: इथं शब्द नको, सूर नको, उत्तर नको, घमेल्याचा ठेका तेवढा चालू ठेवावा. ‘भाव’ हा रकाना शेवटी तसाच सोडला.

पुढचं गाणं आलं ते मी आईला ऐकवलं. अनोळखी गायी, अनोळखी बाईचा आवाज. आई मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होती. मध्येच आवाज थांबला. नुसतं घमेलं. आईची बोटं चालू राहिली. गाणं संपल्यावर तिनं हळहळून विचारलं, “हिची कोन गेली गं?”

“कुनीच न्हाई, आई. ही बाई खरी न्हाई.”

“मंग थांबली कावून?”

मला खोटं बोलवेना. “आपल्या गायीसाठी. मी सांगितलं तसं त्या कॉम्प्युटरला.”

आईनं फोन माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, “पुन्ना लाव.”

मी लावलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या शेजारी स्वस्थ बसले. मोकळी ओळ आली. एवढ्या वर्षांनी ते नाव माझ्या ओठांवर आलं, अगदी सवयीनं. आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मांडीवरचा ठेका न सोडता तिनं दुसरा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला.