गुडघ्याएवढी रेघ

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांना मुलं चव्वेचाळीसकाका म्हणायची, आणि पहिली चार वर्षं मला त्यांचा मनस्वी राग यायचा. पदवी माझ्याकडे, वर्ग माझा. पण वायूंच्या घनतेचा धडा आला की मुलं माझ्याकडे पाठ करून त्यांच्याभोवती गोळा व्हायची.

धडा तसा साधा. हवेचा आकडा, म्हणजे सरासरी रेणुभार, एकोणतीस. ज्या वायूचा आकडा त्याहून लहान तो वर पळतो, ज्याचा मोठा तो खाली बसतो. काका परीक्षानळ्या धुता धुता मुलांकडून घोकून घ्यायचे. हायड्रोजन दोन, अमोनिया सतरा, हवा एकोणतीस, ऑक्सिजन बत्तीस. कार्बन डायऑक्साइडशी आले की हात थांबायचे. "चव्वेचाळीस," ते म्हणायचे, "हवेच्या दीडपट. विसरायचं नाही." म्हणून ते नाव.

मग मेणबत्त्या. काचेच्या मोठ्या भांड्यात पत्र्याचा छोटा जिना, पायरीपायरीवर एकेक पेटती मेणबत्ती. काका एक बरणी उचलायचे आणि भांड्याच्या कडेवरून अलगद कलती करायचे. बरणी रिकामी दिसे, भांड्यात काही पडताना दिसत नसे. पण सर्वांत खालची ज्योत बारीक व्हायची, वातीवरून सुटल्यासारखी व्हायची आणि जायची. मग दुसऱ्या पायरीवरची. मग तिसरी. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी मुलं श्वास रोखून बसायची.

"कोणी फुंकली, काका?"

"कोणी नाही. तो आला आणि बसला. दिसत नाही म्हणून नसतो असं समजू नका."

माणूस एकूण मितभाषी. उंच, किंचित वाकलेला, खिशात कायम मेणबत्तीचा तुकडा आणि काडेपेटी. चालायची एक लकब होती. डावा हात खाली सोडलेला, बोटं अर्धवट मिटलेली, आणि पाऊल उगीच आखूड. मी एकदा चेष्टेने म्हटलंही, "काका, कोणाचा हात धरून चालता हो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद मी गिळून टाकला.

दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते तळघरात जायचे. तिथे मोडक्या बाकांखेरीज काही नव्हतं आणि किल्ली फक्त त्यांच्याकडे असायची. एका शनिवारी मी विसरलेली छत्री न्यायला परत आले, तर तळघराचं दार उघडं. जिन्याच्या तोंडाशी मी थांबले. खालून त्यांचा आवाज आला, इतका मऊ की मी ओळखलाच नाही.

"बस हं इथे. आलोच मी."

मग शांतता. कोणाला तरी उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी. मग ते हसले. मी छत्री न घेताच घरी गेले. सोमवारी स्वतःलाच बजावलं की म्हातारपणी माणसं पुटपुटतात, त्यात काय.

यंदा नव्या मुख्याध्यापिका आल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. हुशार बाई, कामाचा उरक दांडगा, ऐकून घ्यायची सवय जरा कमी. बालवर्गाची चाळीस पोरं दुपारी झोपवायला त्यांना जागा हवी होती. तळघर थंडगार, रस्त्याचा आवाज नाही. बाक बाहेर काढायला मजूर लावले. तीन मजुरांची डोकी ठणकली, एकाला ओकारी झाली. धूळ असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

काका मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक. "तिथे पोरांना निजवू नका," म्हणाले. का, ते सांगेनात. फार विचारलं तेव्हा बाईंना खाली घेऊन गेले आणि मेणबत्ती विझवून दाखवली. एकदा नाही, चारदा. बाई म्हणाल्या, "काका, तुमचा हात केवढा थरथरतोय, विझणारच ती." आणि मला सांगितलं, तुम्ही बघा आणि लेखी द्या.

मी पाहिलं. खरं सांगायचं तर, एका परिचराच्या म्हणण्यावरून मला तपासणीला पाठवतात याचाच राग होता. पेटती मेणबत्ती छातीसमोर धरून मी चारही कोपरे फिरले. ज्योत हललीसुद्धा नाही. वर येऊन लिहून दिलं की हवा चांगली आहे, आणि खाली लपेटदार सही ठोकली.

काका जिन्याशी उभे होते. "बाई, तुम्ही उभ्याने बघितलंत."

"मग काय रांगत फिरू?"

माझ्या नाकावर राग असतो, हे माझी आई सांगतेच. पण माझं ते वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं.

सोमवारी झोपायच्या खोलीचा पहिला दिवस. काका आले नाहीत, आणि किल्लीही त्यांच्याकडेच. मोठ्या बाईंनी मला त्यांच्या घरी पिटाळलं. घर जवळच होतं, दोन खोल्यांचं. दार काकूंनी उघडलं.

आत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते कळायला थोडा वेळ गेला. त्या घरात जमिनीवर काहीच नव्हतं. खाटेच्या पायांखाली विटांच्या थप्प्या, खाट माझ्या कमरेएवढी उंच. पाण्याची भांडी फळीवर. मला बसायला दिलेलं स्टूल एवढं उंच की पाय लोंबकळत राहिले. आणि कपाटाच्या माथ्यावर, छताला लागून, लाल रंगाचे इवलेसे बूट.

"ते पहाटेच गेलेत," काकू म्हणाल्या. "किल्ली घेऊन. तिथे खरंच लहान मुलं निजणार का हो?"

मी होकाराची मान हलवली. काकू खाटेच्या कडेला टेकल्या.

"आमची चार वर्षांची होती. सुट्टीचा दिवस होता. मला ताप, म्हणून तिला बरोबर घेऊन गेले. तळघरातल्या बरण्या दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला लागणार होत्या. तिला म्हणाले, बस हं इथे, आलोच मी. बसली बिचारी जमिनीवर. हे वरच्या फळीवरच्या बरण्या पुसत होते. वीस मिनिटं. आधी ती ओ देत होती, मग देईना. वळून बघितलं तर भिंतीला टेकून झोपलेली. उठू नये म्हणून हळूच खांद्यावर घेतलं. थोपटत थोपटत अर्ध्या रस्त्यापर्यंत आले होते."

काकूंनी कपाटावरच्या बुटांकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी लिहिलं, हृदय कमजोर. यांनीही मानलं. महिन्याभराने कामावर गेले, तर वर्गात तोच मेणबत्त्यांचा प्रयोग. सर्वांत खालची विझली आणि यांच्या हातातली बरणी फुटली. तेव्हा कळलं."

"पण सांगितलं का नाही कोणाला?"

"तेव्हाच्या हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, शाळा बंद पडेल, कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. मग कुणाला सांगणार? लोकांच्या पोरांना शिकवतो, जड ते खाली बसतं. आणि स्वतःच्या पोरीला खाली बसवून आला."

मी स्टुलावरून उडी मारली ती थेट रस्त्यावर. चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. डोक्यात एकच हिशेब चालू होता. मी उभी राहून श्वास घेतला. चाळीस पोरं आडवी होणार, नाकं जमिनीपासून वीतभर. आणि खाली सही माझी.

शाळेत पोहोचले तेव्हा कुलूप तोडलेलं होतं. जिन्यावर बालवर्गाची रांग, प्रत्येकाच्या काखेत आपापली गुंडाळलेली गादी. खाली दारात, कुलूप तुटताच कुठूनसे आलेले काका दोन्ही हात चौकटीला लावून उभे, आणि मोठ्या बाई रागाने लाल झालेल्या. "काका, बाजूला व्हा. पोरं ताटकळलीत." काकांचा ओठ हलत होता, शब्द फुटत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मी चूक लिहून दिलंय," मी म्हणाले. धाप लागली होती. "आधी पोरांना वर पाठवा. मग सांगते."

शिक्षिकेने रांग वळवली. मी काकांच्या खिशातून मेणबत्ती काढली, पेटवली आणि आत गेले. छातीशी धरली, नीट जळत होती. वाकले. कमरेशी जळत होती. आणखी वाकले. मांडीशी जळत होती. गुडघ्याशी ज्योत बारीक झाली, लांबट झाली, वातीवरून सुटली आणि गेली. धूर वर गेला नाही. तो तिथेच आडवा पसरला, टेबलावर कापड पसरावं तसा, आणि सावकाश भिंतीकडे सरकू लागला. माझा चेहरा खाली आला होता. नाकात सोड्याची बाटली उघडल्यासारखं झिणझिणलं आणि कानांत ठोके पडायला लागले. मी झटकन सरळ झाले.

"खाली बुजवलेली विहीर आहे," काका म्हणाले. त्यांना आता शब्द सापडले होते. "जमिनीतून झिरपतो. त्या जाळीतून जास्तीचा बाहेर उताराकडे वाहून जातो, म्हणून तिच्या वर चढत नाही."

जाळी समोरच्या भिंतीत होती, गुडघ्याच्या उंचीवर. तिच्या बाजूला खडूची एक जाड पांढरी रेघ होती. जवळ जाऊन पाहिलं तर ती एक रेघ नव्हती. रेघेवर रेघ, रेघेवर रेघ, आणि शेजारी बारीक अक्षरात वर्षं. तेवीस. पोरांची उंची मोजायला घरोघरी दाराच्या चौकटीवर करतात, तशा खुणा.

"तिच्या वाढदिवसाला बघतो," काका म्हणाले. "वाढली नाही."

मोठ्या बाईंनी तळघराचं दार स्वतः ओढून घेतलं. चांगली बाई आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तासाभरात गाद्या पुस्तकालयात हलवल्या, आणि आठवड्यात तळघर खडी-काँक्रीटने भरून टाकायची मंजुरी आणली. माझा लेखी माफीनामा त्यांनी फाडला. मी दुसरा लिहून काकांना दिला. त्यांनी तो न वाचता घडी करून खिशात, मेणबत्तीशेजारी ठेवला.

काँक्रीटची गाडी यायची होती त्या सकाळी काका म्हणाले, एकदा खाली जाऊन येतो. मी जिन्यात थांबले. दार सताड उघडं ठेवून घेतलं आणि घड्याळ हातात धरलं. दोन मिनिटांहून जास्त थांबू देणार नव्हते.

खाली त्या शनिवारसारखीच शांतता पडली. मग त्यांचा आवाज आला. "बस हं इथे" नाही.

"चल," ते म्हणाले. "झालं माझं."

ते वर येताना दिसले. हातात मेणबत्ती नव्हती. डावा हात खाली सोडलेला, बोटं अर्धवट मिटलेली. एक पायरी चढायचे आणि थांबायचे. दुसरी चढायचे, थांबायचे. आखूड पायांना एका पायरीवर दोन्ही पावलं टेकवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

मी विज्ञान शिकवते. जिना अरुंद होता. मी पाठ भिंतीला लावून उभी राहिले आणि दोघांना पुरेल एवढी वाट सोडली.