हमीदाताईंनी न काढलेला लेख

हमीदाताई आतार यांची आणि माझी पहिली ओळख फोनच्या पडद्यावर झाली. काटेवाडीतल्या माझ्या रानात त्या वर्षी कलिंगड होते. वेल हिरवेगार, फुले भरपूर, पण सुपारीएवढे फळ धरले की पिवळे पडून गळायचे. दुकानदाराने हातात ठेवलेली औषधे मारून झाली होती. वैतागून बांधावर बसलो आणि फोनलाच विचारले, फळ का गळते? सगळ्यात वर एक मराठी लेख आला. शीर्षक होते, "फळ धरतंय आन् गळतंय, आता कुठलं औषध मारू?" माझ्याच तोंडचा प्रश्न! आणि खाली पहिलेच वाक्य : "औषध मारू नका. उद्या सकाळी ऊन तापायच्या आत रानात जा आणि फुलावर माशी दिसते का बघा."

दुसऱ्या सकाळी गेलो. सबंध रानात एक माशी नव्हती. लेखाच्या तळाशी शेळगावचा पत्ता आणि नंबर होता. फोन लावला आणि सवयीने सुरू झालो. विषारी शेती, औषध कंपन्यांची लूट, सरकारचे आंधळे धोरण. पलीकडून एका बाईंचा शांत आवाज आला.

"भाऊ, भाषण मागनं द्या. शेवटची फवारणी कधी केली त्ये सांगा."

"परवा."

"मग आता माश्यांची पेटी न्हाय मिळायची. पंधरा दिसांनी फोन करा. आन् तवर काय बी मारू नका."

"अहो, पण तोवर फुले संपतील माझी!"

"संपतील की. माझ्या माश्या तर न्हाय ना संपायच्या."

उभी हयात सभा गाजवण्यात गेली, पण मला इतक्या थोडक्यात कुणी गप्प केले नव्हते. दारात आलेले गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या या व्यापारी बाई आहेत तरी कोण, हे बघायला मी शेळगावला गेलो. त्या भेटीतून जडलेला स्नेह आज त्यांच्या साठीपर्यंत टिकला आहे. म्हणून या गौरवग्रंथात चार शब्द लिहिण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतो. हे शब्द आनंदाचे असावेत अशी संपादकांची अपेक्षा आहे. ती मला पुरी करता येणार नाही.

हमीदाताई मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने देतात. फुलोऱ्यात पेट्या बागेत ठेवायच्या, माश्या फुलाफुलावर फिरतात, फळ धरते, बहार संपला की पेट्या परत आणायच्या. त्यांचे यजमान रज्जाकभाई हयात होते तेव्हा ते इंदापूर-बारामतीच्या आठवडी बाजारांत मध विकायचे आणि तिथेच बागायतदारांशी बोलून पेट्या ठरवायचे. ते गेले आणि बाजार तुटला. मुलगा सलीम पेट्यांची ने-आण करी, पण चार माणसांत बोलायचे म्हटले की तो बापाच्या मागे सरकायच्या सवयीचा. मार्ग काढला सुनेने. तबस्सुम बारावी होऊन, संगणकाचा वर्ग करून या घरात आली होती. ती म्हणाली, "अम्मी, आपण बाजारात गिऱ्हाईक हुडकण्यापेक्षा गिऱ्हाईक काय हुडकतंय त्ये बघू. लोक फोनवर जे विचारत्यात त्येच लिहून ठिवू."

असा तो ब्लॉग सुरू झाला. हमीदाताई सांगायच्या, तबस्सुम टाइप करायची. त्यांचा शिरस्ता ठरलेला. आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत शीर्षकाला. पहिल्या ओळीत सरळ उत्तर. मग कारण. स्वतःच्या पेट्यांची स्तुती कुठेही नाही. शेवटी नंबर. "डाळिंबाला फुलं हायती पण फळ का धरंना?", "कांद्याच्या बियाण्याला माशी लागती का?", "पेटी ठिवली तर गड्याला चावंल का?" बोलण्याच्या भाषेत लोक फोनला विचारत आणि बोलण्याच्याच भाषेतले उत्तर त्यांना सापडे. फलटणहून, करमाळ्याहून, माळशिरसहून फोन येऊ लागले.

मी आवाजावर जगलेला माणूस आहे, म्हणून ठासून सांगतो. आज धंदा वाढवायच्या नावाखाली जो गोंगाट चालला आहे तो भीक मागण्याचा प्रकार आहे. खोट्या पाच चांदण्या, विकत घेतलेली शाबासकी, दुसऱ्याचा मजकूर उचलून त्याला लावलेले भडक मथळे! शेळगावच्या एका पत्र्याच्या शेडमधून ही सासू-सून गिऱ्हाइकाला पहिल्या ओळीत खरे उत्तर देत होती, मग ते उत्तर "तुम्हाला पेटीची गरज नाही" असे का असेना. आणि लोक येत होते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हमीदाताईंचा एक नियम रज्जाकभाईंच्या वेळेपासूनचा होता. रान बघितल्याशिवाय पेटी द्यायची नाही. त्या स्वतः जायच्या. बांधावर थोडा वेळ बसायच्या, पाण्याची टाकी बघायच्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या कुठे पडल्या आहेत ते बघायच्या, शेजारच्या रानात डोकावायच्या. मालक काय सांगतो याकडे त्यांचे अर्धेच लक्ष असायचे. एकदा मीही सोबत होतो. बागायतदार तावातावाने म्हणत होता, "मी फवारतच न्हाय हो!" ताई त्याच्या पंपाकडे बघून म्हणाल्या, "मग ह्यो पंप रंगपंचमीचा हाय व्हय?" तो माणूसही हसला.

पण लांबून फोन येऊ लागले तसे प्रत्येक रान बघणे जमेना. मग त्या फोनवरच प्रश्न विचारू लागल्या. शेवटची फवारणी कधी? शेजारी कोणते पीक? पाणी कुठे? आणि इथेच घात झाला.

एका डाळिंब बागायतदाराचा फोन आला. माणूस लांबचा, ब्लॉगवरून आलेला. ताईंनी विचारायच्या आधीच त्याने सगळे सांगितले. फवारणी थांबवून किती दिवस झाले, शेजारी काय आहे, पेट्यांना सावली कुठे. त्याने सगळे लेख वाचले होते, काही वाक्ये तर त्याला तोंडपाठ होती. ताई हरखल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, असं गिऱ्हाईक पयल्यांदा भेटलं. माझंच बोलणं मला सांगत हुतं." त्यांनी रान न बघता पेट्या पाठवल्या. घरच्या जवळजवळ सगळ्या.

काय झाले ते आता सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पेट्या ठेवल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी भर दुपारी, माश्या फुलांवर असताना, त्या बागेत फवारणी झाली. ताई पोचल्या तेव्हा प्रत्येक पेटीच्या दाराशी माश्यांचा ढीग होता. काही अजून पाठीवर पडून गरगर फिरत होत्या, त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. सलीमने पेट्या उघडल्या. आत राणीभोवती मूठभर माश्या आणि बाकी रिकामी पोळी. बागेचा मालक तिथेच उभा होता, रडत. "ताई, समदं वाचलं हुतं वो. पण फुलकिडा दिसला आन् धीर न्हाय निघाला."

पेट्या मिळवायला काय बोलायचे हे त्याला आमच्या ताईंनीच शिकवले होते. त्यांच्या लेखांनी तो उत्तरे शिकला. फुलकिडा दिसल्यावर हात कसा आवरायचा, हे कोणताही लेख शिकवत नाही.

संध्याकाळी ताईंनी तबस्सुमला लिहायला बसवले. शीर्षक : "माझ्या माश्या कशा मेल्या?" काय घडले ते सगळे त्यात होते. कोणत्या वेळी फवारले, माश्या कशा दिसत होत्या, फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी माश्या पेटीत परतल्यावर का करावी. आणि शेवटी : "यात चूक माझीपण आहे. मी रान बघितले नाही. फोनवरच्या गोड बोलण्याला भुलले."

मी दुसऱ्या दिवशी शेळगावला पोचलो तो पेटून. म्हणालो, "ताई, नाव टाका त्या माणसाचे! गाव टाका! मी बारामतीत सभा घेतो, इंदापुरात घेतो!"

ताई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, नाव टाकलं की लोक नाव वाचत्यात. फवारणीचं कोण न्हाय वाचत."

सभा मी घेतल्या नाहीत.

लेख वाचला गेला, फार वाचला गेला. इतका, की पुढे कुणीही भाड्याच्या मधपेट्या शोधल्या की पहिल्यांदा तोच लेख समोर येऊ लागला. जी वाट गिऱ्हाईक दारात आणत होती, तिच्या तोंडाशीच आता मेलेल्या माश्यांचा ढीग पडला होता. आपल्या रानात असे झाले तर बोल आपल्यावर, या धास्तीने लोक तो बघून दुसरीकडे वळत. पुढच्या हंगामात उरल्यासुरल्या पेट्यांनाही मागणी आली नाही. फोन मात्र येत. "ताई, फुलोरा हाय, आज मारू का संध्याकाळी?" पेटी कुणालाच नको असे.

तबस्सुम एकदा माझ्यासमोर रडकुंडीला येऊन बोलली. "अम्मी, त्यो एक लेख काढून टाकू. बाकीचे राहू द्या. काका, तुमी तरी सांगा की."

"त्यो काढला तर काय राहिलं?" ताई म्हणाल्या.

"घर राहील!"

ताई म्हणाल्या, "कालच्याला तिघांचे फोन आले. दुपारी मारनार हुते, संध्याकाळी मारू म्हनले. त्येंच्या रानात पेट्या नसतील माझ्या. पर माश्या तर आसतील कुनाच्या तरी." तबस्सुम उठून आत गेली. तिचे चुकले असे मला वाटत नाही. त्या घरात तेव्हा दोघीही बरोबर होत्या, आणि याहून वाईट अवस्था मी घरांत फारशी पाहिलेली नाही. लेख राहिला. सलीमला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी धरावी लागली. तबस्सुम त्याच्याबरोबर गेली आणि तीही तिथल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली. हमीदाताई शेळगावात एकट्या राहिल्या.

त्याच दिवसांत माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक महिने माझा आवाज गेला. ज्यांच्या व्यासपीठांवर मी गर्जलो त्यांतले फार थोडे फिरकले. मुक्या वक्त्याशी काय बोलायचे? हमीदाताईंचा फोन मात्र दर जुम्म्याला यायचा. "भाऊ, तुमी बोलू नका. फोनवर टिचकी मारा. एक म्हंजी व्हय, दोन म्हंजी न्हाय. जेवला का?" मी टिचकी मारायचो. मग त्या कोणती बाग फुलली, कुणाच्या विहिरीवर आग्या मोहोळ बसले, सगळे सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "आता कुटं तुमी नीट आयकाया लागलाय." मी एक टिचकी मारली. स्वतःचा संसार उसवत असताना दुसऱ्याच्या मौनाला सोबत करणारे माणूस मी पुस्तकांत वाचले होते, ते असे भेटेल असे वाटले नव्हते.

आता दिवस आणखी पालटले आहेत. फोनला प्रश्न विचारला की तो स्वतःच उत्तर देतो, कुणाच्या पानावर जायची गरज राहत नाही. मध्यंतरी मी विचारले, "फुलोऱ्यात फवारणी कधी करावी?" उत्तर आले : संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर. शब्द जवळजवळ ताईंचेच. नाव नाही, नंबर नाही, शेळगाव नाही. माझे रक्त तापले. कष्टाने मिळवलेले शहाणपण कुणीही उचलावे आणि मालकाचे नाव पुसून वाटावे, याला आमच्या भाषेत चोरी म्हणतात! मी ते उत्तर ताईंना वाचून दाखवले. वाईट वाटते का, असे विचारले.

"वाटतं की. खोटं कशाला बोलू?" मग म्हणाल्या, "पर भाऊ, ह्यात माझ्या चुकीचं कुटं लिवलंय? रान बघाया पायजे हुतं, त्येच गाळलंय की."

आम्ही त्यांचा गौरव करतो आहोत. त्या गौरवाच्या दिवशी शेळगावच्या शेडमध्ये थोड्याच पेट्या शिल्लक आहेत आणि हमीदाताईंना आता ऐकूही कमी येते. शाल-श्रीफळाने यातले काही भरून निघणार नाही, हे आपण सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघून मान्य करावे.

हा लेख पुरा करण्याआधी तो जुना लेख जागेवर आहे का, हे मी पाहिले. मनात धाकधूक होती. ताईंना स्क्रीन नीट दिसत नाही. ब्लॉगची किल्ली तबस्सुमच्या हाती. तिने एक बटण दाबले असते तर सासूला कळलेही नसते. पण लेख होता. फक्त तळाचा नंबर बदललेला. माझ्या नव्या नंबराच्या फोनवरून मी तो लावला. मागे यंत्रांचा आवाज, कुणीतरी ओरडत होते. मी नाव सांगणार, एवढ्यात घाईघाईत पलीकडून प्रश्न आला.

"शेवटची फवारणी कधी केली?"

तबस्सुम होती.

मी ओळख दिली. ती हसली. म्हणाली, "काका, लवकर बोला, सुट्टी संपतीय. अम्मीला ऐकू येत न्हाय, म्हून नंबर माझा टाकलाय." मी विचारले, "आणि तो लेख?"

"ऱ्हाऊ द्या त्यो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हमीदाताई, तुम्ही शंभरी गाठा आणि ती धडधाकट गाठा. तुमचे कान पुन्हा माश्यांचा आवाज ओळखोत. आणि तुमच्या डोळ्यांदेखत असा एक फुलोरा येवो, की तुमचा तो लेख हुडकायची कुणावरही पाळी येऊ नये. तोवर तो जागेवर राहील. तुमच्या सुनेने तसे सांगितले आहे.