घराकडं वळलेला ठेका

पिंगळीच्या भुजंगची दिवसा पिठाची गिरणी आणि सांजेला भजनी मंडळाचा पखवाज. तीस वर्षं झाली. गावातलं कुणी गेलं की तिरडीपुढं मंडळ चालतं, तेव्हाही पखवाज त्याच्याच गळ्यात. त्या वाटेचा ठेका वेगळा, संथ. विसाव्याच्या दगडाशी तिरडी टेकवतात, तिथं हात थांबतात. पुढं मसणवाटा. परतताना कुणी वाजवत नाही.

परभणीहून अर्पिता आली, संगीतातून उपचार करणारी. भुजंगला शाळेत शिकवलेल्या तात्याराव गुरुजींना कंपवात. उभे राहिले की पाय जमिनीला चिकटत.

"कधी कधी पाय ताल धरतात, काका. औषधाला जोड म्हणून करून बघू. तुमचा हात लागेल," ती भुजंगला म्हणाली.

चार दिवस भुजंगनं भजनातले ठेके वाजवून पाहिले. गुरुजी उंबऱ्यातच अडत. पाचव्या दिवशी बोटं आपसूक त्या संथ चालीवर गेली आणि गुरुजींचा पाय उचलला. मग दुसरा.

"हाच!" अर्पिता ओरडली. "हाच ठेवा!"

भुजंगनं हात काढून घेतला. "ह्यो न्हाई वाजवायचा, ताई. ह्यो माणूस पोचवायचा हाय."

अर्पिता ओशाळली. "मला माहीत नव्हतं. दुसरा शोधू."

"मला इचारा की कुणीतरी," गुरुजी म्हणाले. आवाज बारीक, पण शाळेतलाच. "भुजंग्या, पाढे लय चुकायचास, ठेका कधी चुकला न्हाईस. पहिल्याच थापेला वळखलं मी. माझी कारभारीण, कावेरी गेली, तवा तिच्या मागं ह्याच्यावरच चाललो होतो. वाजव."

"काही वंगाळ झालं तर, गुरुजी?"

"बसून तरी काय चांगलं चाललंय?"

निघाले. भुजंग पुढं, सवयीनं त्याच वाटेला; मागं गुरुजी, शेजारी अर्पिता. गल्लीतली केशरबाई लगबगीनं दारात आली.

"कोण गेलं, ओ?"

"मीच चाललोय, केशरबाई. पायानं."

विसाव्याचा दगड आला. भुजंगचे हात थांबले आणि गुरुजींचे पाय तिथंच रुतले. अंग पुढं झुकलं, अर्पितानं कसंबसं सावरलं.

"वाजवा, काका!"

"पुढं मसणवाटा हाय, ताई."

"मग घराकडं वळू."

घराकडं! हा ठेका घराकडं कधी वाजलाच नव्हता. पोचवलेली सगळी माणसं पाठीमागं उभी राहून ऐकायलीत, असं भुजंगला वाटलं. आता तीही ह्याच तालावर परत निघाली तर? मान वळवायचा धीर होईना. तेवढ्यात गुरुजींचा थरथरता हात त्याच्या पाठीला लागला.

त्यानं थाप मारली. पाय निघाले. घर दिसलं तसा भुजंगचा हात घाईला आला.

"हळू," मागून गुरुजी म्हणाले.

"दमलात?"

"मी न्हाई रं. कावेरी मागं राहायलीय."

भुजंगनं वळून पाहिलं नाही. ठेका तेवढा हळू केला.