पाण्याच्या कडेची ओळ

उन्हाळा लागला की लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, नाहीतर लेकीकडे पुण्याला. मी गाळात जायचो. औंढ्याची शिवरात्रीची यात्रा उरकली की थोरल्या भावाचा, दादांचा फोन ठरलेला. "पाणी उतरून राहिलंय. कवा येतूस?" एवढंच बोलायचे आणि ठेवून द्यायचे. माझ्या कमरेत मात्र फोन ठेवता ठेवताच चमक भरायची. बायको म्हणायची, "अजून घराबाहेर पाऊल नाही टाकलं, आणि आताच लंगडायला लागलात?" ती चेष्टा करायची, पण चमक खरी होती.

आमच्या वडिलांची जमीन धरणात गेली. तिच्यावर पावसाळ्यापासून पाणी उभं असतं. उन्हं तापायला लागली की पाणी मागे सरतं आणि मागे काळाभोर मऊ गाळ उघडा पडतो. या गाळात उन्हाळ्यापुरतं पेरायला सरकार पट्टे देतं, त्याला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचा हक्क आधी. म्हणजे आपलीच जमीन आपल्याला चार महिन्यांसाठी परत. तीसुद्धा नेमकी आपलीच असेल असं नाही. गाळाखाली कोणाचा धुरा, कोणाचा बांध कुठे होता, आता कोण सांगणार? एक नियम मात्र पक्का होता. एक साल पट्टा पडीक ठेवला, की तो दुसऱ्याला गेला.

वडील गेल्यावर पट्टा आम्हा दोघा भावांकडे आला. दादा माझ्याहून बरेच थोरले, जन्म सगळा गावात गेलेला. वरची चार एकर कोरडवाहू जमीन तेच कसतात. मी हिंगोलीत कचेरीत कारकुनी केली आणि आता रिटायर होऊन घरी बसलो आहे. घरी बसलो आहे असं लोक म्हणतात. उन्हाळ्यात मी कधी बसलेला कोणाला दिसलो असेन तर तो गाळातच, तेही पाय घसरून.

गाळातलं काम लांबून फार साजरं दिसतं. पाण्याकाठी हिरवे वेल, त्यात टरबुजं, खरबुजं, काकडी, वाळकं, बांधाला भोपळा, मधून गवार आणि चवळी. शहरातले पाहुणे आले की फोटो काढतात आणि म्हणतात, नशीबवान आहात. त्यांना एकदा भर दुपारी खड्डे करायला लावले पाहिजेत. गाळ वरून वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या असतात, आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. काढायला गेलं की चप्पल आत राहते. खड्डा करायचा, त्यात शेणखत टाकायचं, ओल्या फडक्यात बांधून मोड आणलेलं बी लावायचं, आणि ते कोवळं रोप जीव धरेपर्यंत घागरीने पाणी घालायचं. पाणी रोज थोडं आणखी मागे गेलेलं असायचं. म्हणजे घागर घेऊन रोज थोडं आणखी लांब. फळं धरली की त्यांच्यावर वाळलेलं गवत झाकायचं, नाहीतर उन्हाने भाजतात. एका अंगावर पडून सडू नयेत म्हणून अधूनमधून फिरवायची. रानडुकरं यायची, रोही म्हणजे नीलगायी यायच्या, आणि डोळा लागला की कावळे तर यायचेच.

गाळपेरीची एक रीत आहे. सगळं रान एकदम पेरता येत नाही, कारण सगळं रान एकदम उघडं पडत नाही. पाणी जसं उतरेल तशी त्याच्या मागे एकेक ओळ लावत जायची. त्यामुळे वरच्या ओळीला फळं धरलेली असतात तेव्हा खालच्या ओळीला नुसती दोन पानं असतात. आणि अगदी पाण्याच्या कडेला जो ओला पट्टा राहतो, तो जाणते लोक सोडून देतात. वरच्या अंगाला आणखी एक धरण आहे. त्यातून खालच्या कालव्यांसाठी पाणी सोडतात, ते आधी आमच्या धरणात येतं. भर वैशाखात, आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नसताना पाणी चढायला लागतं. कधी चढतं, कधी नाही. पण कडेची ओळ लावणं म्हणजे धरणाच्या ताटात वाढून ठेवणंच.

आम्ही ती लावायचो. दरवर्षी. शेजारच्या पट्ट्यावर आमच्याच गावचा एक विधुर गडी आहे, एकट्याने रान करतो. तो बघायचा आणि म्हणायचा, "तुमी भाऊ-भाऊ धरणाला जेवू घालून राहिले." आम्ही दोघं हसायचो.

व्हायचं असं, की बाकीच्या ओळी लावून झाल्या की दादा कडेला जाऊन उभे राहायचे. हातात उरलेल्या बियांचं फडकं, नजर पाण्यावर. मला वाटायचं, यांच्या मनात आणखी एक ओळ लावायची आहे, पण माझी दमलेली चर्या बघून बोलत नाहीत. मग मीच म्हणायचो, "दादा, अजून एक ओळ बसते की." ते लगेच म्हणायचे, "बसती की." आणि फावडं पुन्हा हातात आलं की मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचो.

मी दमलो होतो, हे सरळच सांगतो. साठीनंतरचा उन्हाळा निराळा असतो. आधी पाठीला होता, मग तो गुडघ्यात उतरला. हिंगोलीहून गावाला मोटारसायकलवर यायचं, आठ-आठ दिवस मुक्काम करायचा, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. माल निघाला की जवळा बाजारच्या आठवडी बाजारात टेम्पोत घालून न्यायचा आणि पोत्यावर बसून संध्याकाळपर्यंत ओरडायचं. घरी कोणी टरबूज कापलं की मला त्याचा वास यायच्या आधी गुडघ्यांना यायचा. बायको लाल फोड पुढे करायची आणि मी म्हणायचो, नको, मला चहा दे.

मला पट्टा सोडायचा होता. दुसरं काही नाही. पण हे दादांना कसं सांगणार? त्यांचा खुबा दुखत होता, चालताना एका अंगाला झुकायचे, तरी भल्या पहाटे उठून गाळाकडे निघायचे. एकदा वहिनीच मला म्हणाली, "तुमी आले की त्यांच्या अंगात हुशारी येती बघा. न्हाईतर दिवसभर खाटंवरून उठत न्हाईत." झालं. मी समजलो, या माणसाचा जीव त्या गाळात आहे. पट्टा गेला तर हे खाटच धरतील, आणि कारण मी असेन. मग कसला तोंड उघडतो?

यंदा मात्र ठरवूनच निघालो होतो. औंढा सोडल्यापासून गाडीवर तोंडातल्या तोंडात बोलणी करत आलो. दादा, आता आपलं वय झालं. दादा, तुमचा खुबा. दादा, कोणाला तरी देऊन टाकू. घरी पोचलो तर दादांनी ओट्यावर फडकं सोडून ठेवलेलं, बियांना पांढरे मोड फुटलेले, आणि तोंडभर हसून मला म्हणाले, "बघ, एक बी वाया न्हाई गेलं." मी फडक्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "फावडी कुठं आहेत?"

यंदाही कडेची ओळ लावली. अर्थात मीच सुचवली.

वैशाख निम्मा झाला होता. मी दोन दिवस हिंगोलीला येऊन अंग टाकलं होतं, तेवढ्यात फोन आला. "पाणी चढून राहिलंय." मी तसाच निघालो.

पोचलो तेव्हा कडेची ओळ पाण्याखाली गेली होती. तिच्यात मुठीएवढी फळं होती, ती गेली तर गेली. पण पाणी वरच्या ओळीतही शिरलं होतं, आणि तिथली टरबुजं निम्मीशिम्मी तयार होती. पाण्यावर ती वेलाला धरून हलत होती, दाव्याला बांधलेल्या वासरांसारखी. दादा मांडीपर्यंत पाण्यात उभे राहून एकेक तोडत होते आणि काठाकडे लोटत होते. मी पँट दुमडली आणि आत गेलो. पाणी वर कोमट आणि खाली गार होतं. तोडायचं, लोटायचं, काठावर जाऊन वर ठेवायचं, पुन्हा आत.

मग दादा बसले. म्हणजे पडले नाहीत, पाय गाळात रुतला, खुब्याने दगा दिला आणि ते सावकाश छातीपर्यंत पाण्यात बसले. हातातलं टरबूज सोडलं नाही. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढायला गेलो आणि मीही त्यांच्याशेजारी बसलो. उठायचं बळ दोघांतही नव्हतं. समोर पाणी लखलखत होतं, डोळे उघडवत नव्हते, आणि मला एकदम रडू आलं. या वयात. कशासाठी म्हणाल तर कशासाठीच नाही, थकव्याने.

"दादा," मी म्हणालो, "मला आता होत नाही."

दादांनी हातातलं टरबूज काठाकडे लोटून दिलं. मला वाटलं, मोडलं यांचं मन. मग म्हणाले, "होत न्हाई तर येतूस काहून?"

"तुमच्यासाठी येतो. दुसरं कशासाठी?"

"माझ्यासाठी?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही परक्या भाषेत बोललो. "अरे, मला तर हे कवाचं नको झालंय. बाबा गेले त्याच साली सोडणार व्हतो म्या."

"मग?"

"मग काय मग. तूच म्हणला ना त्या साली, या काठाला बसून. दादा, कचेरीत जीव गुदमरतो, इथं आलं की मोकळं वाटतं. मंग म्या म्हणलं, धाकट्याला येवढं एक सुख हाय, ते काहून तोडा."

मी असं म्हणालो होतो का? म्हणालो असेन. वडील नुकतेच गेले होते, दोघं काठावर बसलो होतो, काहीतरी बरं बोलायचं म्हणून बोललो असेन. त्या एका वाक्यावर या माणसाने इतके उन्हाळे खुबा ओढत काढले. आणि ते पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे, तेवढ्यावर मी माझे.

"आणि ती कडेची ओळ?" मी विचारलं. "तुम्ही तिथं जाऊन उभे राहायचे ते?"

"पाठ सरळ करायला उभा राहत व्हतो."

लोकांना वाटेल आम्ही हसलो असू. नाही हसलो. मला राग आला, अगदी पायापासून डोक्यापर्यंत. मी म्हणालो, "एकदा तोंडाने बोलला असता तर काय गेलं असतं?" ते म्हणाले, "तुला तोंड न्हवतं का?" मी म्हणालो, "तुम्ही थोरले." ते म्हणाले, "तू शिकलेला." असे दोन म्हातारे पाण्यात बसून भांडत होतो आणि टरबुजं आमच्या भोवताली हलत होती. बायको, वहिनी, सगळ्या जगाला न सांगितलेला शीण त्या दिवशी एकमेकांच्या तोंडावर फेकला.

शेवटी शेजारच्या पट्ट्यावरचा तो गडी धावत आला. त्याने आधी दादांना ओढून काठावर नेलं, मग मला. आमची भांडणं त्याने काठावरूनच ऐकली असणार, कारण पाण्याबाहेर आलो तरी तो जायला तयार नव्हता. पंच्याने हात पुसत पुसत म्हणाला, "सोडणारच असताल तर आदी मला सांगा. मला लागून हाय, बराबर होईल."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घ्या."

दादांनी मान हलवली. "व्हय, घे. आमच्यानं आता होत न्हाई."

इतकं सोपं होतं. तो खूष होऊन उरलेली टरबुजं गोळा करायला लागला, म्हणाला, तुमचा माल बाजारात मी पोचवतो. माझ्या अंगावरून पोतं उतरवल्यासारखं झालं. खरं सांगतो, इतकं हलकं मला रिटायर झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. पुढच्या शिवरात्रीला फोन येणार नाही, मी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचणार, हे मी तिथेच ओल्या कपड्यांनी ठरवून टाकलं.

दादांना गाडीवर मागे बसवलं आणि घराकडे निघालो. रस्ता खडबडीत, त्यांच्या खुब्याला धक्का बसू नये म्हणून गाडी अगदी हळू चालवत होतो. त्यांचा चिखलाने भरलेला हात माझ्या खांद्यावर होता.

गाव दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "मंग आता तू गावाला काहून येशील?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि मी उत्तर शोधत होतो. सण आता आम्ही हिंगोलीतच करतो. लग्नंकार्यं मंगल कार्यालयात होतात. वाटणी कधीच झालेली आहे. इतक्या वर्षांत मी गाळपेरीशिवाय दुसऱ्या कशासाठी गावाला येऊन राहिलो होतो, ते मला काही केल्या आठवेना.

"येईन की," मी म्हणालो.

"व्हय," दादा म्हणाले. "ये."