नमुन्याबरहुकूम बेरिंग

आमच्या घरात ट्रॅक्टरला हात लावायची परवानगी मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मिळाली आणि त्याच दिवशी ती काढून घेण्यात आली.

परवानगी देणारे आणि काढून घेणारे एकच, माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय पंच्याऐंशी, नजर जरा अधू, कान मात्र शाबूत. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत आमच्या गल्लीतला पहिला ट्रॅक्टर आबांचा. तो बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली, पण ही बातमी आबांनी ट्रॅक्टरला कळू दिलेली नाही. आता तो शेतात जात नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, आबा फेटा बांधून त्यावर बसतात आणि सगळ्या गावाबरोबर सोनं लुटायला माळावर जातात. माझ्या लग्नात ते अक्षतांना जेमतेम पोचले होते. दसऱ्याला त्यांना कधीच उशीर झालेला नाही.

गेल्या वर्षी मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. मला रिकामा बसलेला पाहून आबा म्हणाले, दसरा जवळ आलाय, तेवढं इंजिन चालू करून बघ. मी चालू केलं. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओही काढला आणि आवाज नीट यावा म्हणून जरा जोरात रेस केलं. आधी तेल बघायचं असतं, हे मला माहीत होतं. (माहीत असणं आणि करणं यातला फरक मी आयुष्यभर मुलांना समजावून सांगितला आहे.) दोन मिनिटांत इंजिनातून टकटक सुरू झाली.

आबा ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"बंद कर. बेरिंग गेलं."

गावातल्या फिटरनं इंजिन खालून उघडलं आणि माझ्या हातात दोन अर्धगोल तुकडे ठेवले. बांगडी मधोमध कापल्यासारखे. क्रँक म्हणून जो जाड दांडा इंजिनात फिरतो, त्याला हे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी धरून असतात. ते आतून झिजले की दांडा सैल होतो आणि टकटकतो. एवढंच दुखणं, पण औषध कुठंच मिळेना. मी कोल्हापुरातली सगळी पार्टची दुकानं पालथी घातली. एकानं ट्रॅक्टरचं नाव ऐकून मलाच बसायला खुर्ची दिली. इंटरनेटवर एक जोडी सापडली, ती परदेशातून दिवाळीनंतर येणार होती. शेवटी कुणीतरी उद्यमनगरातल्या इस्माईल मिस्त्रींचं नाव सांगितलं. नमुना दाखवला की तसाच पार्ट करून देतात म्हणे.

आता नमुना न्यायचा तर तो काळाकुट्ट कसा न्यायचा? पाहुण्यांकडे जाताना आपण पोराचं तोंड धुतोच की. मी ते दोन्ही तुकडे पॉलिश पेपरनं आतून-बाहेरून तासभर घासले आणि वर चिंच लावली. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली की तिची पितळेची भांडी इतक्या प्रेमानं मी एकदाही घासली नाहीत.

इस्माईल मिस्त्रींनी तुकडे उजेडात धरले आणि बराच वेळ बघत राहिले.

"लई चकाकतंय. आतनं घासलासा व्हय?"

"हो. तासभर," मी अभिमानानं म्हणालो.

त्यांनी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाले, "मास्तर, क्रँकचं माप लागंल. मी येऊन घेऊ काय?"

मी त्यांना समजावलं की क्रँकला काहीही झालेलं नाही, त्याचा इथं संबंध नाही, नमुना समोर आहे, अगदी असंच हवं, केसाचाही फरक नको. उदाहरणं देऊन समजावलं. मिस्त्रींनी वही पुढं केली आणि हे सगळं लिहून द्या म्हणाले. मला माणूस पसंत पडला. लेखी काम मला नेहमीच आवडतं. मी लिहिलं, 'नमुन्याबरहुकूम करणे. केसाचाही फरक नसावा.' खाली लफ्फेदार सही केली.

"शाळेत असल्यापासनं मी हेडमास्तरांशी वाद घालत न्हाय," मिस्त्री म्हणाले. ते मी कौतुक समजून घेतलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बेरिंग मिळालं. बसवताना फिटर म्हणाला की जरा ढिलं लागतंय. मी त्याला 'नमुन्याबरहुकूम' या शब्दाचा अर्थ सांगितला.

खंडेनवमीला आमच्याकडं ज्याचं त्याचं हत्यार पाटावर मांडून पूजा होते. आबांचा मोठा पाना, सुमनची विळी आणि माझ्या नावानं एक लाल पेन. पूजा झाली, ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, गल्ली गोळा झाली आणि मी आबांना म्हणालो, आता ऐका. त्यांनी ऐकलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. टकटक पहिल्यापेक्षा जोरात होती.

शेजारचे रंगराव नवीन ट्रॅक्टरवाले. काळजी करू नका, उद्या माझ्या ट्रॅक्टरमागं बांधून नेऊ, असं म्हणून ते घरात गेले आणि साखळी घेऊन आले. साखळी धुतलेली होती. तिला हळदकुंकूही लागलेलं होतं.

आबांनी ओट्यावर काढून ठेवलेला फेटा उचलला आणि पेटीत ठेवून दिला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला दुसऱ्याचा राग येतो. मी फिटरला गळ घालून बेरिंग काढून घेतलं आणि तडक उद्यमनगर गाठलं.

मिस्त्री लेथला माळ घालत होते. मी तावातावानं नवे-जुने तुकडे त्यांच्यापुढं टाकले. त्यांनी शांतपणे दोन्ही मापून दाखवले, मग वही उघडून माझी सही दाखवली.

"फरक हाय काय? झिजलंय बी तेवढंच. वर तुमी घासलासा, ते बी धरलंय."

मी खाली बसलो.

"आणि केसाचं म्हनाल तर आमच्या धंद्यात केस म्हंजे लई मोठं माप. एवढ्यात इंजिन टकटकतंय."

उद्या दसरा आहे, आबांचा एकही दसरा चुकलेला नाही, आणि हे सगळं माझ्यामुळं झालं, हे मी सांगितलं. यातलं शेवटचं वाक्य मी नोकरीत असताना कधी उच्चारलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, आज हत्यारं पूजेला बसलीत, आज कशालाच हात लागणार नाही. मग फळीवरून एक पुडी काढली. आत आणखी एक जोडी होती, आतून जाड, कातायची राहिलेली.

"तुमी परत येनार, हे ठाव होतं की. सकाळी येतो माप घ्यायला."

दसऱ्याच्या सकाळी ते मोटारसायकलवरून आले, ट्रॅक्टरखाली झोपून क्रँक मापला आणि परत गेले. दुपारी तीनला बेरिंग घेऊन आले. चारला इंजिन चालू झालं. आबा कान देऊन उभे राहिले, मग आत गेले आणि बाहेर आले ते फेटा बांधूनच. माळावर मिस्त्री त्यांच्या शेजारी मडगार्डवर बसून गेले. रंगराव साखळी घेऊन मागून येत होते आणि मी त्यांच्या ट्रॉलीत होतो.

माळावर मी आबांना सोनं दिलं, पाया पडलो. ते म्हणाले, "सुखी ऱ्हा. आनि कशालाबी पॉलिश करू नगंस."

प्रकरण तिथं मिटलं, असं मला वाटलं होतं. यंदा खंडेनवमीला पाटावर आबांचा पाना होता, सुमनची विळी होती, पण माझा लाल पेन दिसेना. त्याच्या जागी ते दोन जुने तुकडे, हळदकुंकू लावून. आबा म्हणाले, ज्याचं त्याचं हत्यार. मी निरखून पाहिलं. चकाकी अजून तशीच आहे. काम मी चांगलं केलं होतं.